घैसास सरांचे उंदीर

घैसास सर बोलायला लागले की समोरचा नवा माणूस हमखास छताकडे बघायचा, कारण सरही तिकडेच बघत असायचे. मान मागे, हनुवटी वर, खालचा ओठ जरा पुढे. पहिल्या दिवशी मला वाटलं, पंख्याचं काहीतरी बिनसलंय. पंखा ठीक होता. सरांच्या गालात मघई पान होतं, आणि रस तोंडात असताना बनारसचा माणूस खाली बघून बोलत नाही, हे सांगलीहून नुकत्याच आलेल्या मला कुठून ठाऊक असणार?

छताकडे बघतच त्यांनी विचारलं, "उंदरांची भीती वाटते?"

"नाही सर," मी चक्क खोटं बोलले.

"वाटेल. पंधरा दिवसांत जाईल. आपल्या कामाचा विषय बिलकुल तोच आहे भाई."

एवढीच माझी पीएच.डी.ची मुलाखत. मग त्यांनी उठून खिडकीतल्या पिकदाणीचा समाचार घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून हसले. दात लालसर, डोळे अगदी लहान मुलाचे. मला ते त्याच क्षणी आवडले, आणि पुढे चार वर्षांत अनेकदा त्यांच्यावर चिडूनही आवडायचे थांबले नाहीत.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागात सर निकोटीनवर काम करत. पांढऱ्या उंदराला निकोटीन पहिल्यांदा टोचलं की तो मंदावतो, अंग गार पडतं, कोपऱ्यात बसून राहतो. रोज टोचत गेलं की दहा-बारा दिवसांत तेवढ्याच मात्रेचं त्याला काही वाटेनासं होतं. तो पिंजराभर हिंडतो, मिशा पुसतो, शेजाऱ्याच्या खोड्या काढतो. ह्याला आम्ही टॉलरन्स म्हणायचो, सर नुसतं 'सवय' म्हणायचे. ही सवय मेंदूत नेमकी कशी होते, हा त्यांचा ध्यास होता. आणि हा ध्यास घेतलेला माणूस दिवसाला बारा विडे खायचा, प्रत्येकात जर्दा. बाहेरून आलेले पाहुणे हे बघून गालात हसत. सर म्हणायचे, "तंबाखूवर काम करायचं तर तंबाखूची थोडी ओळख नको?"

सरांचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं घराणं, वडिलांपर्यंत सगळे वेदपाठी. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली की सहा महिन्यांत मलाही त्यातला फरक कळेनासा झाला. सुट्टीत घरी गेले आणि आईला "मला मालूम आहे" म्हटलं, तेव्हा तिने हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. सर रोज घरून सायकलने यायचे. पांढरा कोट घडी घालून कॅरिअरला लावलेला. इतर प्राध्यापकांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेन असे, सरांच्या तिथे जर्द्याची डबी. पेन कानावर.

विभागात सरांचा एक नियम होता आणि तो कुणीही मोडायचा नाही. उंदरांना इंजेक्शन द्यायचं ते फक्त त्यांनी. सकाळी आठच्या ठोक्याला. आम्ही विद्यार्थ्यांनी फक्त नोंदी घ्यायच्या. त्यांचं म्हणणं असं की विद्यार्थ्याचा हात कापतो, उंदीर औषधाला नाही तर त्या हाताला घाबरतो आणि सगळे आकडे नासतात. त्यांचा स्वतःचा हात खरोखर अप्रतिम होता. उंदराची मान दोन बोटांत धरायची, कातडीची चिमूट उचलायची, आणि सुई गेली कधी, आली कधी, हे उंदरालाही कळायचं नाही. हे करताना तोंड अखंड चालू. "का गुरु, झोप झाली? काय म्हणता, शेजारी घोरत होता?" बनारसमध्ये सगळेच एकमेकांना गुरु म्हणतात, पण उंदरांना गुरु म्हणणारे सरच. आणि पानामुळे हे सगळं चालायचं ते छताकडे बघत. बोटं आपलं काम न बघता करायची.

इंजेक्शननंतर उंदराला एका पेटीत सोडत. पेटीच्या आरपार उजेडाच्या बारीक तिरिपा. उंदीर हिंडला की तिरीप तुटायची आणि बाजूचं यंत्र एक आकडा पुढे सरकवायचं. आकडे भराभर सरकले की उंदराला सवय झाली, रेंगाळले की नाही. शेवटी उंदराच्या मेंदूतले रिसेप्टर मोजायचे, म्हणजे निकोटीन जिथे जाऊन बसतं त्या जागा. ज्या दिवशी मेंदू काढायचे त्या दिवशी सर एकाही उंदराशी बोलत नसत आणि दुपारी जेवतही नसत. ह्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

हे रिसेप्टर प्रकरण मला आधी डोक्यावरून जायचं. सरांनी ते मला काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, स्वयंपाकघरात समजावलं. पाडव्याचा दिवस होता. मी संकठा घाटापाशी एका मराठी कुटुंबाकडे भाड्याने राहत असे, पण सणाला जेवायला सरांकडेच जायचं असा काकूंचा हुकूम होता. पुरणपोळीवर तूप घेता घेता सर म्हणाले, "हे बघ, मेंदू म्हणजे पंगत. रिसेप्टर म्हणजे मांडलेले पाट. निकोटीन आलं आणि पाटावर बसलं. खरा जेवणारा असता तर जेवून उठला असता. हा गडी जेवतो आणि तिथेच पेंगतो, उठतच नाही. मग यजमान काय करणार?"

"हाकलून देईल," काकू म्हणाल्या.

"नाही. आणखी पाट मांडेल. मेंदूही तेच करतो. पाट वाढत जातात, पण निम्मे पेंगणाऱ्यांनी अडवलेले. मग उद्या तेवढंच निकोटीन आलं तरी मतलब काही होत नाही. झाली सवय."

"म्हणजे पाट मोजले की सवय किती ते कळेल?" मी विचारलं.

"बिलकुल," सर म्हणाले आणि खुशीत आणखी एक पोळी मागितली.

जितके पाट जास्त तितकी सवय पक्की. ह्या एका वाक्यावर सरांची सहा वर्षं उभी होती, त्यांचे चार लेख उभे होते, आणि आता माझा प्रबंधही त्याच वाक्यावर रचला जात होता. ते वाक्य कोसळलं तर आम्ही दोघंही त्याखाली सापडणार होतो, पण तेव्हा पुरणपोळीच्या वासात असले विचार कुणाला सुचतात?

त्याच जेवणात काकूंनी सरांची आवडती फजिती सांगितली. लग्नानंतर पहिल्यांदा सर सासरी, नागपूरला गेले होते. जेवण झालं, मेहुणे-मेहुण्या भोवती बसल्या, जावईबापूंनी बनारसी ऐटीत डबी काढली, विडा लावला, गालात ठेवला. पाच मिनिटांत घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आणि जावईबापू सतरंजीवर आडवे. सासूबाई कांदा घेऊन धावल्या. मेहुणे वर्षभर पत्रांतून विचारत होते की बनारसचं पान इतकं नाजूक असतं का.

"नागपूरचं ऊन," सर म्हणाले. "दुसरं काय?"

"डिसेंबर होता," काकू म्हणाल्या.

असं सगळं सुखाने चाललं होतं आणि माझ्या चौथ्या वर्षी सरांची दाढ ठणकली. इतक्या वर्षांच्या पानाने ती आतून पार गेली होती. ती काढावी लागली. दंतवैद्यांनी सांगितलं, चार दिवस घरी आराम आणि दहा दिवस पान बंद. माझा शेवटचा गट पंधराव्या दिवसावर होता, सवय झालेला, पेटीत घोड्यासारखा उधळणारा. मार्चअखेर माझी प्रबंधाची मुदत संपत होती. गट मध्येच सोडता येत नव्हता. सरांनी चिठ्ठी पाठवली, "आता तू दे. हात कापला तर कापू दे."

माझा हात कापला नाही. चिठ्ठी आल्यावर मी रात्रभर वेगळ्या उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचून सराव केला होता. आठ वाजता मी सगळ्या उंदरांना नीट इंजेक्शनं दिली आणि पेटीत सोडलं. यंत्र जणू बंद पडलं. उंदीर कोपऱ्यात जाऊन बसले, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून, जन्मात कधी निकोटीन न पाहिल्यासारखे. मी मात्रा तपासली. द्रावण पुन्हा नवं केलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उंदरांची निगा राखणारे रामदुलारे विभागात वीस वर्षं होते. ते हळूच म्हणाले, "दीदी, आप से कुछ गड़बड़ नहीं हुआ. हम देख रहे थे." त्यांच्या त्या बोलण्याने उलट मला रडूच आलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन सरांकडे गेले. गाल टम्म सुजलेला, डोक्याला मफलर, हातात नातवाची पाटी, कारण बोलायला मनाई. मी आकडे दाखवले. गट नासला, प्रबंध बुडाला, हात माझाच वाईट, असं बरंच काही मी एका दमात बोलून टाकलं. सरांनी आकडे दोनदा वाचले. पाटीवर लिहिलं, "वजनं?" मी दाखवली. "द्रावण?" मी सांगितलं. मग त्यांनी पाटी पुसली आणि आकडे तिसऱ्यांदा वाचायला घेतले.

काकू दुधाचा पेला घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या सहज म्हणाल्या, "तुमचं नागपूरला झालं तसंच झालं की हे. जर्दा घरच्याच डबीतला होता, माणूस तोच होता, फक्त घर दुसरं होतं."

सरांनी पाटी खाली ठेवली. काकूंकडे असं पाहिलं, जणू लग्नाला तीस वर्षं झालेली ही बाई आज पहिल्यांदा दिसत होती. मग पाटी उचलून मोठ्या अक्षरात लिहिलं, "उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी सर मफलरसकट आठला हजर. सवयीप्रमाणे तोच हात, तेच गुरु गुरु, फक्त सुजलेल्या गालातून. पान अर्थातच नव्हतं, आणि कोट परटाकडून धुऊन आलेला. उंदीर पेटीत गेले आणि कोपऱ्यात बसले. मी वही मिटायला घेतली. सर मात्र आनंदाने टेबलावर थापा मारायला लागले.

"म्हणजे हात नाही. आवाजपण नाही," ते गालावर हात दाबत म्हणाले. "शैला, माझी डबी घे. उघडून ॲप्रनच्या खिशात ठेव. उद्या तू दे."

मी डबी खिशात घेऊन गेले. केवड्याचा आणि केशराचा तो दाट वास चार वर्षं माझ्या नाकात इतका बसला होता की मला तो यायचाच बंद झाला होता. उंदरांना येत होता. त्या सकाळी यंत्राचे आकडे थांबेनात. तीच मात्रा, तोच माझा हात, आणि उंदीर पेटीभर धावत होते. रामदुलारे हात जोडून उभे राहिले. मला हसू आवरेना.

सरांना तेवढ्याने समाधान कुठलं? "डबीतल्या तंबाखूचंच काही हवेतून गेलं असेल तर?" म्हणून ते जर्दा बनवणाऱ्याकडे गेले आणि त्यात घालतात ते नुसतं अत्तर घेऊन आले, तंबाखूचा कणही नसलेलं. त्याचा फाया खिशात ठेवला तरी उंदीर धावले. फाया काढला, बसले. मग आम्ही उंदीर दोन गटांत वाटले आणि दोन्ही गटांचे पाट मोजले. वासात धावणारे आणि वासाशिवाय बसून राहणारे, दोघांच्या मेंदूत पाट वाढलेले होते, आणि सारखेच. पाट तेवढे असूनही एकाला सवय होती आणि दुसऱ्याला नव्हती. उंदराच्या लेखी जर्द्याचा वास म्हणजे 'आता सुई येणार', आणि त्या वासाने तो आधीच कंबर कसून बसायचा. सवय निम्मी पाटांत होती आणि निम्मी सरांच्या तोंडाच्या वासात.

दोन दिवस आम्ही हवेत होतो. तिसऱ्या दिवशी मी भानावर आले. इतकी वर्षं प्रत्येक उंदराला इंजेक्शन सरांनी दिलं होतं, पान खाऊन. चारही लेखांतली सवय ह्या वासात मोजलेली होती, आणि एकाही लेखात वासाचा उल्लेख नव्हता. जितके पाट तितकी सवय हे वाक्य आता उभं राहत नव्हतं.

विभागप्रमुख मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी आम्हाला बोलावून चहा पाजला आणि समजुतीने म्हणाले की दाढेच्या दिवसांची पानं वहीतून गाळा, बाकी प्रबंध उत्तम आहे, मुलीची मुदत जवळ आली आहे आणि घैसासजींचं नावही राहील. मी सरांकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, सरांनी हो म्हणावं. माझ्या वडिलांनी गावात पेढे वाटायची तारीखसुद्धा ठरवली होती. ही लाज मला अजून वाटते.

सर छताकडे बघायला लागले. तोंडात पान नव्हतं तरी. मग म्हणाले, "सर, वही तर उंदरांची आहे. आम्ही कसे गाळणार?"

मुदत वाढवून घेऊन प्रबंध त्यांनी माझ्याकडून पहिल्यापासून नव्याने लिहून घेतला. कामाची साधनं लिहितात त्या प्रकरणात मी भीत भीत लिहिलं होतं, 'एक विशिष्ट सुगंध'. सरांनी ते खोडलं आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मार्गदर्शकाच्या तोंडाला व कपड्यांना येणारा जर्द्याचा वास.' मी म्हटलं, "सर, लोक हसतील." ते म्हणाले, "हसू दे. मीपण तर हसतो आहे." ज्या मासिकांत लेख छापले होते, त्यांना त्यांनी त्याच आठवड्यात चार पत्रं लिहिली. आमची मोजणी बरोबर आहे, अर्थ अपुरा आहे, चूक माझी आहे. लिहिताना चेहरा असा की जणू मुलीच्या लग्नाच्या पत्रिका लिहीत आहेत.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या विद्यापीठातले परीक्षक आले होते. कडक, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी विचारलं, "हा वास कुठून येतो, ह्याची खात्री तुम्ही कशी केलीत?" मी तोंड उघडण्याआधी सर मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "क्षमा करा, ते साधन मी आहे." आणि डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. परीक्षकांनी वास घेतला, चष्मा काढला, आणि इकडेतिकडे बघत विचारलं की ह्याबरोबर पान मिळेल का. पुढची वीस मिनिटं दोघंही छताकडे बघत माझ्या प्रबंधावर चर्चा करत होते. मला डॉक्टरेट मिळाली.

सरांनी मात्र त्या दिवसापासून स्वतःला नियम घातला. सकाळची मोजणी होईपर्यंत पान नाही, आणि इंजेक्शनं रामदुलारेंनी द्यायची. साडेदहापासून त्यांची जी चुळबुळ सुरू व्हायची ती बघायला शेजारच्या विभागातले लोक येत. अकराला डबी उघडली की सगळा मजला मोकळा श्वास घ्यायचा.

मी निघाले त्या दिवशी दुपारची गाडी होती. निरोप घ्यायला विभागात गेले तर सर जागेवर नव्हते. टेबलावर एक उघडं पत्र होतं. रामदुलारे म्हणाले, "आप भी पढ़ लीजिए, सबको पढ़ा रहे हैं." दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेतल्या मुलीचं पत्र होतं. तिने लिहिलं होतं की तीन वर्षं ती सरांचा प्रयोग पुन्हा करून बघत होती. तिच्या उंदरांचे पाट वाढायचे, पण सवय कधी सरांच्या लेखातल्याइतकी पक्की व्हायची नाही. सगळ्यांना वाटलं तिचा हात वाईट आहे. तिलाही तेच वाटायला लागलं होतं आणि काम सोडायचं ठरलं होतं. मग सरांचं दुरुस्तीचं पत्र छापून आलं. तिच्या खोलीत, तिने लिहिलं होतं, कधीच कसला वास नव्हता.

मी ते दोनदा वाचलं. तिच्या जागी मीच असते, हे मला अगदी स्वच्छ दिसलं.

सर पोस्टात सापडले. रांगेत उभे, हातात एक छोटी लाकडी पेटी. आत काचेच्या नळीत मेणाने बंद केलेला अत्तराचा फाया आणि तिच्यासाठी आठ पानांचं पत्र. मला बघून त्यांना आनंद झाला, पण रांग सोडून यायला काही ते तयार होईनात. मीच शेजारी उभी राहिले. खिडकीशी पोचलो तेव्हा कारकुनाने पेटी उलटसुलट करून विचारलं, "क्या है इसमें, मास्टरसाहब?"

"हमारी एक गलती है, भइया," सर म्हणाले. "बहुत दूर जा रही है. ज़रा ठीक से सील करना."

कारकुनाने वर न बघता पेटी तराजूवर ठेवली.